एडमंडसाहेबाचा पिंड

मी एक जुनी शिसवी खुर्ची आहे, मित्रांनो. माझा राहता मुक्काम काशी, संकठा घाटाजवळची गल्ली.

मला घडवलं एडमंड थॉर्नवेल नावाच्या इंग्रज व्यापाऱ्यासाठी. काशीचं रेशीम तो विलायतेला धाडायचा. एका मराठी पंडितांकडे संस्कृत शिकायला यायचा, तेही मला गड्याच्या डोक्यावर देऊन! संस्कृत शिकला बेताचंच, पुरणपोळीवर मात्र ताव मारला. पुढे त्याने कलकत्त्याला बँक काढली. मग मायदेशी जाऊन पार्लमेंटात निवडून आला. जाताना मला पंडितांना देऊन गेला.

नशीब फिरायला काय वेळ लागतो? बँक बुडाली. कालपर्यंत जयजयकार करणाऱ्यांनी पाठ फिरवली. साहेब एकटाच गेला, मागे मूल ना बाळ. बातमी आली तेव्हा पंडित म्हणाले, "ज्याचं कुणी नाही, त्याचे आपण." तेव्हापासून दर सर्वपित्री अमावास्येला या घरात त्याच्या नावाने एक धर्मपिंड ठेवतात. गोत्र ठाऊक नाही, म्हणून काश्यप म्हणायचं. नाव कुणी लिहून ठेवलं नाही; बापाने म्हणायचं, मुलाने ऐकायचं.

आता पंडितांचे पणतू शिवरामगुरुजी माझ्यावर बसतात. हल्ली ते विसरतात. आधी चष्मा, मग घरची गल्ली.

यंदा अमावास्येला बाकीचे पिंड झाले. शेवटचा हातात घेऊन गुरुजी म्हणाले, "काश्यप गोत्र…" आणि थांबले.

"बोला ना बाबा," मुलगा रत्नाकर म्हणाला.

"अरे तो… रेशीमवाला… सकाळी याद होतं रे!"

"मला कुठे मालूम? दरवर्षी तुम्हीच तर म्हणता."

सून वैदेहीने मोबाइल उचलला. पण शोधणार काय, कपाळ?

एडमंड! अहो, एडमंड थॉर्नवेल! मी जिवाच्या आकांताने ओरडले. झालं काय, तर नुसती कुरकुरले.

"ही खुर्ची पण ना, खिळखिळी झालीय," वैदेही म्हणाली.

काय करू हो मी? नाव माझ्यापाशी होतं आणि देता येत नव्हतं.

"जाऊ द्या बाबा, बिननावाचाच ठेवा," रत्नाकर म्हणाला.

"नावाने हाक मारली नाही तर तो येईल कसा? उपाशी राहील रे!" गुरुजी लहान पोरासारखे रडू लागले. शेवटी रत्नाकरनेच त्यांचा हात धरून पिंड खाली ठेववला.

जरा वेळाने गुरुजी शांत झाले. शेजारी बसलेल्या मुलाकडे बघून अदबीने म्हणाले, "फार मदत केलीत. आपलं शुभनाव?"

रत्नाकर आणखी जवळ सरकला. मग म्हणाला, "रत्नाकर. मी रत्नाकर, बाबा."

मित्रांनो, जुन्या खुर्चीला पॉलिश नाही केलंत तरी चालेल. घरातलं म्हातारं माणूस बोलतंय तोवर त्याच्यापाशी बसा. जे विचारायचं ते आजच विचारून घ्या.