नळीमहाराजांचा पिवळा दाणा

१४ जून २०२४, शुक्रवार, सकाळी साडेनऊ वाजता हदगावजवळच्या आमच्या गावी किशनरावांच्या अंगणात एकशे दहा माणसे जमली होती. मध्यभागी नळीमहाराज. त्यांच्या पुढ्यात किशनरावांची तीन वर्षांची नात ऋतुजा. खोकून खोकून तिचे ओठ निळसर पडले होते. आजोबा पेरणीच्या सोयाबीनला औषध चोळत असताना तिने दाणे तोंडात टाकले आणि हसता हसता एक दाणा श्वासनळीत ओढला गेला.

"मामंजी, नांदेडला चला की! जीप हाय दारात," तिची आई वर्षाराणी रडत म्हणाली.

"थांब गं. तिथं लेकराला चिरतेत," किशनराव म्हणाले.

महाराजांच्या शिष्याने हळूच विचारले, "काय गेलं म्हनता घशात?"

"सोयाबीन."

शिष्य आत गेला आणि महाराजांसाठी पाण्याचा पेला घेऊन आला. महाराज पाणी प्यायले. मग तांब्याची नळी मुलीच्या गळ्याला टेकवून गरजले, "ये रे दाण्या! सात पाताळांत दडलास तरी माझी नळी तुला सोडायची न्हाई!" त्यांनी जोराने ओढले, गाल फुगवले आणि ताटलीत थुंकले. टण्ण! पिवळाधमक दाणा. थोड्याच वेळात खोकलाही थांबला.

"डाक्टरला लई मशिनी लागतेत, महाराजाला एक नळी बास!" कोणीतरी ओरडले. आम्ही टाळ्या वाजवल्या. किशनरावांनी हार घालून हात जोडले. ते हात बियाण्याच्या औषधाने मनगटापर्यंत लाल होते, आणि ते आम्हा सर्वांना दिसत होते.

शनिवारी ऋतुजाला ताप चढला, छाती घरघरू लागली. वर्षाराणीने या वेळी कोणाला विचारले नाही. मुलीला घेऊन ती जीपमध्ये बसली. मागोमाग किशनराव आणि मी. नांदेडच्या दवाखान्यात रक्तातला प्राणवायू चौऱ्याऐंशी टक्के निघाला. डॉक्टर सिंधुताईंनी भूल देऊन, तोंडातून दुर्बीण घालून, उजव्या फुफ्फुसाच्या नळीतून दाणा काढला. कुठेही चिरावे लागले नाही. दाणा फुगलेला होता. लाल होता.

"आजोबा, महाराजांनी काढलेला कसा होता?" सगळी हकीकत ऐकून डॉक्टरांनी विचारले.

किशनरावांनी आपल्या नखांकडे पाहिले. लाली अजून गेली नव्हती.

"पिवळा," ते म्हणाले. "माझ्याच हातानं रंगवलं, बाई, अन् मलाच दिसलं न्हाई."

 

दाणा शिष्याने पेल्यातून पोहोचवला आणि महाराजांनी गालात धरला, एवढीच ती विद्या. खोकला थांबला, कारण खरा दाणा मोठ्या श्वासनळीतून खाली सरकून फांदीत रुतला. तंत्रनिकेतनात शिकलेली एकमार्गी झडप मला तेव्हा आठवली: रुतलेल्या दाण्याच्या कडेने हवा आत शिरत होती, बाहेर पडत नव्हती. ती झडप ओळखायला मला नांदेड गाठावे लागले, याची लाज वाटते.

म्हणून विनंती एवढीच: खाताना लेकराला जोराचा ठसका लागला, तर नंतरच्या शांततेवर विसंबू नका. आधी दवाखाना गाठा.

सोमवारी सकाळी ऋतुजाच्या रक्तातला प्राणवायू: अठ्ठ्याण्णव टक्के.