शेक लागण्याआधी

पेणच्या दातांच्या डॉक्टर नूतनबाईंनी हौसाबाईंचे किडके दात उपटले आणि नीट समजावलं, "आजी, गालातल्या गाठीला मुंबईत किरणांचा शेक द्यायचाय. एकदा शेक लागला की जबड्याचं हाड धड भरून येत नाही, म्हणून या जखमा आधी भरायला हव्यात. नाही भरल्या तर शेक लांबेल, आणि गाठ थांबायची नाही. तंबाखू बंद. तोंड स्वच्छ ठेवा."

"तंबाखू कवाच चुलीत घातली, बाई," हौसाबाई म्हणाल्या. ते खरंच होतं.

निडीला घरी आल्यावर त्यांनी तोंडाची स्वच्छता मनावर घेतली. आधी दोन वेळा मशेरी लावायच्या, आता काही खाल्लं की लगेच. मशेरी भाजली जाते तंबाखूचीच. पण ती दात घासायची, खायची नव्हे. तिला तंबाखू कोण म्हणतो?

सून वैशालीने चुलीवर तवा ठेवला खरा, पण विचारलं, "आई, चालंल ना नक्की?"

"गिळतंय थोडीच गो? घासून थुकतंय. आणि ठणका कसा थांबतो बघ."

"माझी आय तर बाळंतपणात पण लावायची," असं म्हणत वैशालीने पूड चाळून दिली.

ठणका थांबायचा हेही खरं. विठ्ठलानेच उतारा दिला, असं हौसाबाईंना वाटे.

देवळात सप्ताह बसला. रोह्याचे बुवा कीर्तनाला उभे राहिले, मृदंग घुमला. कीर्तनात बसलं की आपलं दुखणं दुसऱ्याचं वाटतं, हे बसणाऱ्यालाच ठाऊक. हौसाबाई नुसत्या टाळ्या वाजवत होत्या. तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं.

"हौसाआजी, आवाज घरी ठेवून आलात काय?" बुवांनी मधेच कोपरखळी मारली. सगळे हसले. त्याही पदराआड हसल्या.

शेजारच्या गिरजाबाई मात्र हसता हसता मागे सरकल्या. "हौसे, वास कसला गो येतोय?"

"औषधाचा."

गिरजाबाईंनी नामाचा गजर सुरू झाल्यावरही पुन्हा जवळ जागा घेतली नाही.

जखमा दाखवायला सासू-सून पेणला गेल्या. गालाची कातडी बाहेरून लाल, चकचकीत झाली होती. नूतनबाईंनी आत आरसा घातला. काळ्या लेपाखाली हाड पांढरं दिसत होतं.

"हे काय लावलंत?"

"मशेरी. तुमीच म्हणलात, साफ ठेवा."

नूतनबाईंनी आरसा बाहेर काढला. मग हळूच म्हणाल्या, "चुकलं माझंही. मशेरी म्हणून वेगळं सांगायला हवं होतं."

"मीच भाजून देत होते," वैशाली पुढे होत म्हणाली.

"तिला बोलू नका हां, बाई," हौसाबाई घाईने म्हणाल्या. "माज्या सांगण्यावरून केलंन तिनं. शेकाची तारीख तेवढी हुकवू नका."

"आधी चूळ भरा. बघू काय करता येतं."

मिठाच्या पाण्याचा घोट घेऊन त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि पाणी सगळीकडे फिरवलं. शेक लागावा म्हणून अगदी मन लावून फिरवलं.

वैशालीने आधी पाहिलं. ओठ मिटलेलेच होते, आणि गालाच्या लाल कातडीतून पाणी बाहेर येऊन पदरावर गळत होतं.