नजरेची उंची

समजा मुलांनो, तुमच्या उघड्या तळहातावर एक ब्रश ठेवलाय. काडीपेटीतल्या काडीपेक्षा जरा लांब, आणि टोकाला केस किती, तर मांजराच्या एका गालावर मिशा असतात तेवढेच. मूठ मिटू नका. अमिषानंही मिटली नव्हती. गणपतीच्या कारखान्याच्या दारात उभी राहून ती त्या ब्रशाकडे बघत होती; टोकावरचा काळा रंग वाळून त्याची मोहरीएवढी गोळी झाली होती, म्हणजे सकाळपासून तिनं तो रंगात बुडवला होता आणि काहीच न करता हवेत धरून ठेवला होता... एकदा नव्हे, तीनदा.

पाठीमागे फळ्यांवर चाळीस गणपती. पीतांबर पिवळे, शेले लाल, भुवया झालेल्या, पापण्यांच्या रेघा झालेल्या — आणि डोळ्यांत नुसतं पांढरं. समोर, रस्त्यापलीकडे, थेट खाडीपर्यंत मिठागरं, आणि एप्रिलच्या उन्हात तीही पांढरीच. कुठं बघावं तेच तिला कळेना. ती दारातून आत गेली, आतून मागच्या पडवीत, पडवीतून पुन्हा दारात.

"उभ्यानं चाय पितेस, उभ्यानं भाकरी खातेस," सकाळी नामाकाका म्हणाले होते, "घोड्याच्या कुळातली काय गो तू?" कारखाना त्यांचा, आणि ते तिचे चुलतसासरे, म्हणून असं बोलायचा हक्क होता. ती हसली होती. मग चष्मा पुसत, तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "संध्याकाळपावेतो बघतो पोरी. न्हाय जमलं तर परेशला बोलावतो. शनवारी माल गेला पायजे."

परेश शेजारच्या गावचा, हात चांगला. तोच तर घोर होता. कारखान्यात एकदा दुसऱ्याचा हात डोळ्यांवर चढला की आपला उतरतो, कुणी उतरवत नाही, आपोआप उतरतो. आणि डोळे सोडून आपल्याला दुसरं येतं काय? बारा वर्षं एवढंच केलं. लोक म्हणायचे, डोळे अमिषाचेच हवेत.

गणपतीचे डोळे काढायची एक रीत असते. ती तिला नामाकाकांनीच शिकवली. मूर्ती उंच चौरंगावर ठेवायची, घरातल्या मखराएवढी उंच, आणि आपण खाली पाटावर बसायचं. आरती उभ्यानं होते, पण पूजा बसून होते. पूजेला बसलेल्या माणसाला वाटलं पाहिजे की हा माझ्याकडेच बघतोय. म्हणून बुबुळ ठेवायचं ते पाटावर बसून, खालून वर बघत. दोन डोळ्यांतली दोन बुबुळं अशी ठेवायची की त्यांची वाट आपल्या कपाळावर येऊन मिळते. मिळाली की अंगाला कळतं. काका म्हणतात, नजर बसली.

आणि मागच्या वर्षी, तिला आठवलं, शेवटच्या मालाच्या वेळी, बाहेर टेम्पो हॉर्न वाजवत होता, पाठ भरून आली होती, तीस मूर्ती जमिनीवर मांडलेल्या होत्या, आणि कोण उचलून चौरंगावर ठेवणार, कोण पाटावर बसणार-उठणार तीस वेळा... मी उभ्यानंच वाकून काढले. तीसच्या तीस. वरून. प्रत्येक जण मान वर करून माझ्याकडे बघत होता, आणि मला वाटलं, बसली नजर.

त्या तीस मूर्ती घरोघर मखरांत बसल्या आणि माणसांच्या डोक्यांवरून बघू लागल्या. बहुतेकांना कळलंही नाही. म्हसळ्याहून मात्र सगुणाबाई नावाच्या एका बाईंचा फोन आला. त्यांचे सासरे आजारी होते, दिवसभर मूर्तीसमोर बसून असत, आणि सारखं विचारत, "ह्यो माझ्या डोक्यावरनं कुणाकडं बघतोय? माझ्या मागं कोण उभं हाय?" घरच्यांनी मागचं दार लावून दाखवलं, दिवा लावून दाखवलं. पाचव्या दिवशी म्हातारबाबा गेले. सगुणाबाई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "भिऊन गेले हो. असं का झालं असंल?"

"म्हाताऱ्याची वेळ झालीवती," काकांनी समजावलं. ते तिलाही ठाऊक होतं. वेळ तर झालीच होती... पण भिऊन जायची काय गरज होती?

तेव्हापासून ती बसली की पाठीला काहीतरी कळायचं. मागं कुणीतरी आहे. वळून बघितलं तर भिंत. मग बसणंच सुटलं.

कारखान्यात रंगाचा स्प्रे मारणाऱ्या शुभमनं कुठून तरी नंबर आणून दिला होता. कलाकारांसाठी समुपदेशन, फोनवरच, व्हिडिओ लावून, दर गुरुवारी अकरा वाजता. फॉर्ममध्ये धंद्याच्या जागी खुणा करायच्या होत्या — अभिनय, संगीत, लेखन, चित्रपट, इतर. तिनं 'इतर'वर खूण केली. पहिल्या वेळी सगळे एकत्र होते. मालिका लिहिणारी एक मुलगी होती, ती सांगत होती की आता नुसती फोनची रिंग वाजली तरी तिला घाम फुटतो. एक ढोलकीवाले होते, त्यांची बोटं टाळ्या सुरू झाल्या की आखडत. अमिषाला वाटलं, ही खरी कलाकार माणसं. मी तर रोज तेच दोन ठिपके काढते. तिनं आपला कॅमेरा बंद करून ठेवला होता, आणि त्या सगळ्यांचं उभ्यानं ऐकलं होतं.

आजही गुरुवार. अकरा वाजता फोन थरथरला. समुपदेशन करणाऱ्या हेतल मॅडम. अलिबागला बसतात, हळू बोलतात, आणि त्यांच्या मागे नेहमी एकच खिडकी.

"अमिषाताई, दहा मिनिटं झाली बोलतोय आपण. तेवढ्यात तुमच्या मागे मी तीन वेगळ्या भिंती पाहिल्या."

"इथं रेंजची बोंब हाय, मॅडम."

"बसायला जागा नाहीये का?"

"हाय की. पाट हाय."

"मग?"

पडवीत वाळत घातलेली फडकी वाऱ्यानं हलत होती. एक फडकं अगदी माणसानं मान डोलवावी तसं. ती म्हणाली, "बसलं की ते म्हातारबाबा विचारतात."

"काय विचारतात?"

"ठाऊक हाय ना तुम्हाला."

"ठाऊक आहे. पण तुम्ही त्यांना उत्तर काय दिलंत, ते मला अजून कळलेलं नाही." हेतल मॅडम थांबल्या. "कोण उभं होतं त्यांच्या मागे?"

"आवाज तुटतोय," अमिषा म्हणाली. आवाज स्वच्छ येत होता. तिनं फोन ठेवला.

मला काय विचारता... मी काय उत्तर देणार, मी तिथं होते का? म्हसळ्याचं ते घर मी पाहिलंही नाही. ती तरातरा आत आली, चौरंगावरच्या मूर्तीपाशी गेली — सकाळपासून तीच एक तिथं वाट बघत होती — आणि या रागातच ब्रशाची वाळलेली गोळी तिनं फडक्यावर चिरडली, केस पाण्यात मोकळे केले, रंग घेतला, श्वास आत ओढला. एक. दोन. दोन्ही बुबुळं झाली! बारा वर्षांची सवय बोटांत तशीच होती, जणू मधले आठ महिने कुणी दुसरंच जगलं होतं. देव तिच्याकडे बघत होता. सरळ, शांत, थेट कपाळात. नजर बसली, तिला वाटलं. आणि डोळ्यांत पाणी यायच्या आत तिनं ते हसण्यावर नेलं, कारण दारात राही उभी होती.

राही तिची मुलगी, तिसरीतली. सकाळची शाळा सुटली होती, दप्तर एका खांद्यावर, हातात मीठ लावलेली कैरीची फोड. दप्तर टाकून ती नेहमीसारखी सरळ आली आणि चौरंगासमोरच्या पाटावर मांडी घालून बसली. आठ महिन्यांत त्या पाटावर तीच तेवढी बसत होती. तिनं कैरी चावली, वर बघितलं, चावायची थांबली.

"मम्मी, ह्यो माझ्याकडं न्हाय बघत."

तिनं स्वतःकडे पाहिलं. पाटाच्या मागं, पाटाला अगदी लागून, ती उभी होती. मघाशी तिथूनच राहीच्या त्या रिकाम्या जागेवरून हात लांबवून तिनं... उभ्यानंच. पुन्हा.

राहीनं हळूच मान वळवली. अगदी तशीच वळवली असणार म्हातारबाबांनीही. अमिषाला ओरडावंसं वाटलं, नको, मागं बघू नकोस; पण पोरीनं बघितलंसुद्धा, आणि तिला तिथं दिसायची ती दिसली — रंगानं बरबटलेला गाउन, विस्कटलेले केस, हातात ब्रश.

"तुझ्याकडं बघतोय," राही म्हणाली. त्यात भीती नव्हती, तक्रार नव्हती, अंतर मोजून सांगावं तसं ती सांगत होती. "तू उभी हायस ना, म्हणून."

बाहेरून काकांचा आवाज आला. "जमतंय का गो?"

अमिषानं पाण्याजवळचं फडकं उचललं. बुबुळं अजून ओली होती. ओल्या फडक्यानं एका पुसण्यात गेली असती, आणखी थोड्या वेळानं गेली नसती. ती त्यांच्याकडे बघत राहिली. आठ महिने ज्याला ती भीत होती ते म्हसळ्याच्या घरात, त्या म्हाताऱ्याच्या पाठीमागं, उभं होतं खरं... आणि ते एवढंच होतं? टेम्पोचा हॉर्न ऐकून घाबरलेली, पाठ दुखणारी, वाकून उभी असलेली एक बाई? बाबा, मीच होते हो. तुम्हाला घाबरवायला आले नव्हते. मला बसायला वेळ नव्हता... हे त्यांना कुणी सांगायचं? आणि सांगून ऐकणार कोण? पाठीला अजून तसंच कळत होतं, मागं कुणीतरी आहे. पण आता त्याचे पाय दुखत होते, तिच्यासारखेच.

फडकं तिच्या डाव्या हातात होतं. ब्रश उजव्या.

आणि राहीनं काय केलं, तर कैरीची फोड दातात धरली, दोन्ही हात टेकून ती पाटाच्या कडेला सरकली, इतकी की एक मांडी जमिनीवर आली, आणि रिकाम्या झालेल्या अर्ध्या पाटावर सांडलेलं मीठ तिनं तळहातानं झाडून काढलं.