निक्सनची खुंटी

मी हजेरीची फळी बोलतेय. ओकच्या लाकडाची, साडेपाच फूट रुंद, सात ओळींत खुंट्या ठोकलेली. वेस्ट व्हर्जिनियातल्या एका कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी, दिवाघराच्या भिंतीवर, माझी पहिली चाळीस वर्षं गेली. सध्या मी एका छोट्या संग्रहालयात आहे. माझ्याशेजारी ‘हात लावू नये’ अशी पाटी आहे. हात लावणारे जवळजवळ सगळे गेल्यावर ती लावण्यात आली.

माझं काम सोपं होतं. खाली उतरणारा माणूस दिवाघराच्या खिडकीतून टोपीवर लावायचा दिवा घ्यायचा आणि आपल्या नंबरचा पितळी बिल्ला माझ्या खुंटीला अडकवायचा. वर आला की दिवा परत आणि बिल्ला खिशात. म्हणजे ज्याचा बिल्ला माझ्यावर, तो माणूस खाली. सरकारी खात्यात यापेक्षा नीट ठेवलेलं दप्तर मी ऐकलेलं नाही.

खिडकीमागे हर्शेल डॉट्सन बसायचा. दिवे चार्ज करणं, पुसणं आणि देणं हे त्याचं काम. तो जन्मात कधी खाली उतरला नाही, त्यामुळे कोळशाची धूळ त्याच्या छातीत गेली नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९६८ च्या मार्चमधल्या एका सकाळी मुकादम खिडकीपाशी आला आणि खाली वाकून हर्शेलला म्हणाला की हवेचा पंखा पहाटे दोन तास बंद होता, आता सुरू झालाय, उगाच बभ्रा नको. पंखा बंद म्हणजे खाली पेट घेणारा वायू साचणार, हे हर्शेलला कळत होतं. त्याला नोकरी गेल्यावर काय होतं तेही कळत होतं. तो मान खाली घालून दिवे देत राहिला. रोज तो प्रत्येकाला काहीतरी चिमटा काढायचा, त्या दिवशी एक शब्द नाही. सातवा दिवा क्लेटस मलिन्सने घेतला, बिल्ला अडकवला आणि गेला. त्याच्या मागे त्याचा धाकटा भाऊ आर्विल होता. आर्विलच्या दिव्यापाशी हर्शेलचा हात थांबला.

“तुझा दिवा चार्ज झालेला नाही,” तो म्हणाला. “हा घेऊन बाकावर बस. दुसरा बघतो.” आणि पाठ फिरवून तो कपाटात काहीतरी शोधू लागला.

आर्विल दिवा मांडीवर घेऊन माझ्यासमोरच्या बाकावर बसला. वीस मिनिटांनी जमीन हलली. माझ्यावरचे सातही बिल्ले एकदम किणकिणले.

आग विझेना, म्हणून कंपनीने तीन दिवसांनी तो भाग सिमेंटने बंद केला. सात माणसं आतच राहिली. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यातही एकाचं नाव चुकलं. सगळ्यात खालच्या ओळीतल्या त्या सात बिल्ल्यांना त्यानंतर कुणी हात लावला नाही.

अठरा वर्षांनी खाण बंद झाली. यंत्रं भंगारात गेली. मलाही त्याच गाडीत घालत होते, पण हर्शेलने मला उचलून युनियनच्या जुन्या हॉलमध्ये नेलं. कुणी कारण विचारलं नाही. हॉलमध्ये मेव्हिस क्लाइन नावाची बाई म्हाताऱ्यांसाठी बीन्स आणि मक्याची भाकरी करायची आणि बेकार झालेले सोळा-सतरा जण भिंतीला टेकून देशाचा कारभार चालवायचे.

फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारी राष्ट्राध्यक्षांच्या नावाने सुट्टी असते. अशाच एका सोमवारी बाहेर गुडघाभर बर्फ असताना वाद पेटला की या देशाचा सर्वांत चांगला राष्ट्राध्यक्ष कोण. टाकून दिलेल्या बिल्ल्यांच्या मागच्या बाजूला एकाने तोवरची सगळी एकोणचाळीस नावं रंगवली आणि माझ्यावर अडकवली. वरची खुंटी पहिल्या नंबरची. फ्रँकलिन रूझवेल्टबद्दल मतभेद नव्हते. त्यांच्या घराघरांत त्याची तसबीर येशूच्या शेजारी होती आणि काही घरांत किंचित वर. लिंकन दुसरा, कारण हे राज्यच त्याच्या सहीने जन्माला आलं. केनेडी तिसरा, कारण तो मतं मागायला आला तेव्हा त्याने कोळशाने काळे झालेले हात हातात घेतले होते. क्लेटसने त्यानंतर दोन दिवस हात धुतला नव्हता, असं आर्विल दरवर्षी सांगायचा. वॉशिंग्टन भला माणूस, पण कोळशाशी त्याचा संबंध नाही, म्हणून नववा. हार्डिंगने संपावरच्या खाणकामगारांवर सैन्य धाडलं होतं, तो शेवटून दुसरा. आणि शेवटच्या खुंटीवर, सात बिल्ल्यांच्या बरोबर वर, निक्सन. तिथे त्याला आर्विलने अडकवला होता.

चर्चा संपेना तेव्हा मेव्हिसने नियम केला.

“तुमचं ऐकत बसले तर बीन्स करपतील. ज्याला कुणाला वर चढवायचंय त्याने एका दमात सांगा. मध्ये श्वास घेतलात की खेळ खलास. दुसऱ्याने एका दमात खोडून काढलं की बिल्ला खाली.”

ती कपावर चमचा वाजवून दम संपल्याचं जाहीर करायची. धुळीने छाती भरलेल्या माणसांनी देशाचं मोठेपण श्वासावर मोजायचं, ही कल्पना त्यांना फार आवडली. तेव्हा सगळ्यांचा दम साधारण सारखाच अपुरा होता. एकाचाच पुरा होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पहिल्याच वर्षी हर्शेल उठला आणि त्याने निक्सनचा बिल्ला हातात घेतला. “एकोणसत्तरचा खाणकायदा त्याच्या सहीने झाला, त्यानेच धुळीवर मर्यादा आली, तपासणीस आले, काळ्या फुप्फुसाच्या रोगाला भरपाई मिळाली, म्हणजे आपली माणसं फुकट नाही गेली.”

बिल्ला एक खुंटी वर गेला. आर्विल उठला.

“सही करायला तो कुरकुरत होता, पोरं काम टाकून बाहेर पडली तेव्हा त्याला पेन सापडलं, आणि तो कायदा झाला उत्तरेतल्या खाणीत अठ्ठ्याहत्तर मेले म्हणून, आपल्या सातांसाठी राजधानीत कुणी खुर्चीसुद्धा सरकवली नाही.”

बिल्ला खाली आला.

हे दरवर्षी झालं. बाकीच्यांना वाटायचं, हट्टी आहेत दोघं. निक्सन वर गेला काय नि खाली आला काय, मेव्हिसच्या बीन्समध्ये फरक पडत नव्हता. पण हर्शेलला तो वर हवाच होता. त्या सात बिल्ल्यांच्या बदल्यात जगात काहीतरी चांगलं झालं, एवढं एकदा कुणीतरी मान्य करावं, आणि ते आर्विलने करावं, यासाठी तो सत्तावीस वर्षं तेच वाक्य घासत राहिला.

वर्षं गेली तशा भिंतीलगतच्या खुर्च्या कमी झाल्या. सोळाच्या नऊ, नवाच्या चार. व्हाइट हाउसमध्ये नवी माणसं आली, त्यांचे बिल्ले वाढले. खुर्च्यांच्या बाबतीत तशी भरती झाली नाही. आर्विलची छाती आटत गेली. आधी त्याच्या वाक्यातली खुर्ची गेली, मग राजधानी गेली. पुढे तो तारेसारखं बोलू लागला: “कुरकुरला. पोरं बाहेर. मग पेन.” मेव्हिस हातातला चमचा हवेत धरून त्याचं संपेपर्यंत कपाकडे बघायची नाही.

“गड्या, तुझ्याकडे दम आहे,” आर्विल एकदा हर्शेलला म्हणाला. “खर्च केलास कुठे?”

सगळे हसले. हर्शेलही हसला, जरा उशिरा.

शेवटच्या वर्षी तिघंच होते. आर्विल नाकात नळी आणि चाकांवरची ऑक्सिजनची टाकी घेऊन आला. मेव्हिसने भाकरी बीन्समध्ये कुस्करून दिली, त्याने दोन घास खाल्ले. मग सवयीने हर्शेल उठला. आपलं वाक्य त्याने नेहमीपेक्षा हळू म्हटलं, शेवटपर्यंत म्हटलं, तरी त्याचा दम शिल्लक होता. निक्सन एक खुंटी वर चढला.

आर्विल बसूनच राहिला. हर्शेलने पुन्हा बिल्ला उचलला आणि आणखी एक खुंटी वर नेला. मग आणखी एक. अडवणारं कोणी नव्हतं. सत्तावीस वर्षांनी तो जिंकत होता.

“बास कर, हर्शेल,” मेव्हिस म्हणाली.

तेव्हा आर्विल टाकीचा दांडा धरून उठला. नाकातली नळी त्याने काढली, कारण नियम म्हणजे नियम. छाती दोनदा भरायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा जेवढी भरली तेवढ्यात एकच वाक्य बसलं.

“माझा दिवा चांगला होता, हर्शेल.”

आणि तो खाली बसला.

मला हे ठाऊक होतं. त्या सकाळी हर्शेलची पाठ वळलेली असताना आर्विलने बाकावर बसल्या बसल्या सहज बटण दाबलं होतं. दिवा लागला होता. त्याचा उजेड माझ्यावर, क्लेटसच्या बिल्ल्यावर पडला होता. आर्विलने लगेच तो विझवला. हर्शेल खोटं का बोलला म्हणून तो उठला असता, ओरडला असता, तर वीस मिनिटांत काय झालं असतं, हे त्यालाही शेवटपर्यंत ठरवता आलं नसावं. तो कामचुकारपणे जरा बसायला मिळालं म्हणून बसून राहिला होता. म्हणून तोही सेहेचाळीस वर्षं गप्प होता, आणि निक्सनवर बोलत होता.

मेव्हिसला काही कळलं नाही. वाक्यात राष्ट्राध्यक्ष नव्हता, तेव्हा ही हरकत धरायची की नाही, अशा विचारात तिचा चमचा अधांतरी राहिला.

हर्शेलने धरली. त्याने निक्सनचा बिल्ला काढला आणि अगदी शेवटच्या खुंटीवर अडकवला. “मान्य,” म्हणाला. मग त्याने आर्विलची नळी उचलली, आपल्या शर्टाला पुसली आणि त्याच्या नाकात बसवली. आर्विल एप्रिलमध्ये गेला.

हॉल विकला गेला आणि मी इथे आले. माझ्याखालच्या पाटीवर लिहिलंय: ‘खाणकामगारांच्या मते सर्वोत्तम राष्ट्राध्यक्ष.’ शाळेच्या सहली येतात. शेवटी निक्सन दिसला की मार्गदर्शक बाई म्हणतात, “साहजिकच आहे, ते गुप्त टेपचं प्रकरण, खुर्ची सोडावी लागली ना.” सगळे माना डोलावतात. या देशात एवढं एकमत मी दुसऱ्या कुठल्या गोष्टीवर पाहिलं नाही.

त्याखालच्या सात बिल्ल्यांपुढे बारीक अक्षरांत लिहिलंय: ‘शिल्लक बिल्ले.’

गेल्या हिवाळ्यात हर्शेल आला होता. काठी टेकत माझ्यासमोर उभा राहिला, चष्मा वर करून त्याने ती बारीक अक्षरं वाचली. बाईंनी त्यालाही टेपचं प्रकरण सांगितलं आणि विचारलं, “आजोबा, तुम्ही खाणीत होतात का?” हर्शेलने तोंड उघडलं. दम होता त्याच्याकडे, भरपूर होता. मग त्याने तोंड मिटलं आणि मान हलवून नाही म्हणाला. तेही खरंच होतं म्हणा.

राष्ट्राध्यक्षांचा क्रम तुम्ही हवा तसा लावा, माझं काही म्हणणं नाही. तेवढी ती बारीक अक्षरांची पाटी कुणीतरी काढा. माझ्याकडे शिल्लक असं काही नसतं. ज्याचा बिल्ला माझ्यावर, तो माणूस खाली. सातजण अजून वर आलेले नाहीत.