सान्वीच्या किल्ल्यावरची हिरवळ

मित्रांनो, मी येऊरच्या जंगलातली एक म्हातारी वनस्पती आहे, आणि सध्या घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत दिवाळीच्या किल्ल्यावर मरते आहे. सगळे मला शेवाळ म्हणतात. मी शेवाळ नव्हे. मला मुळं आहेत, खोड आहे, घराणंही मोठं आहे. जगात एकही फूल उमललं नव्हतं, तेव्हा माझे पूर्वज ताडामाडांएवढे उंच होते. मी मात्र वीतभरसुद्धा नाही. तोरा तेवढा उरलाय.

आमच्यात बी नसतं. पिवळ्या भुकटीचा एक कण पालापाचोळ्याखाली रुजला, एका बुरशीने त्याला कित्येक वर्षं अंधारात पोसलं, तेव्हा कुठे मी वर आले. मग सावलीतल्या ओल्या उतारावर सरपटत राहिले. मागचं टोक कुजायचं, पुढचं वाढायचं. यंदा माझ्या अंगावर शंकू धरले होते. आतली भुकटी पिकत आली होती.

तेवढ्यात सुदेश आणि त्याची लेक सान्वी तिथे आली.

"पप्पा, हे बघा ना! हळीव पेरायची गरजच नाय. डायरेक्ट कार्पेट!"

"हळू खेच गं. मुळासकट येऊ दे."

मी मुळासकट आले. बुरशी मागेच राहिली.

सान्वीवर मला रागावता येत नाही. ती रोज पाणी शिंपडायची, माझ्याशी गप्पा मारायची. पण इथे दिवसभर रखरखीत ऊन, आणि खाली नुसती विटांची भुकटी. किल्ल्यांच्या स्पर्धेचे परीक्षक यायच्या दिवशी मी पार तपकिरी पडले. पोर रडकुंडीला आली.

"अगं, रडतेस काय? स्प्रे आहे ना!" सुदेश म्हणाला, आणि त्याने मला हिरवा रंग फासला. माझी रंध्रं बुजली, शंकू चिकटून बसले. माझी सगळी लेकरं आतच कोंडली. तोंड असतं तर मी टाहो फोडला असता.

परीक्षक जागृतीताई वाकून म्हणाल्या, "अय्या, किती फ्रेश! पहिला नंबर ह्यांचाच." टाळ्या पडल्या. अख्ख्या आयुष्यात माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं.

आत्ताच सान्वीने फोटोसाठी दरवाज्यावरचा मावळा उचलला. त्याच्याखाली माझी एक फांदी रंगातून वाचली होती. तिचा शंकू फुटला. सान्वीची बोटं पिवळी झाली.

"पप्पा, ही हळद कुठनं आली?"

"धूळ असेल कसलीतरी. जा, हात धुऊन घे. मम्मी फराळाला थांबलीय."

ती नळाकडे निघाली आहे. मित्रांनो, कुणीतरी थांबवा तिला! मला वाचवू नका, मी संपले. पण ती धूळ नाही हो, ती माझी पोरं आहेत. सान्वी, बाळा, नळ सोडू नकोस. कुंपणापलीकडे येऊरचा डोंगर दिसतोय, वाराही तिकडेच चाललाय. आधी तिकडे हात झटक. मग धू.