टबातला तपकिरी मळ

सायकलच्या दुकानावर एक हॉल आहे. त्या हॉलकडे जाणारा जिना सकाळपासून माणसांनी भरला होता. वर टबवाले बुवा बसत. पायांवाटे ते शरीरातला मळ काढून देतात अशी त्यांची ख्याती. आत जाऊन आलेला माणूस असा काही उजळ चेहरा करून खाली उतरायचा, की रांगेतले लोक अंग चोरून त्याला वाट द्यायचे.

रांगेत आमचे बाबाही होते, आणि त्यांच्या मागे मी आणि माझी थोरली बहीण.

ताई संशोधक आहे. हृदय बिघडलं की मूत्रपिंडं का थकतात आणि मूत्रपिंडं थकली की हृदय का दमतं, यात तिची उमेदीची वर्षं गेली. बाबांचं दोन्ही बिघडलेलं, म्हणजे घरात अभ्यास आणि आजार एकाच विषयाचे. तरी बाबा तिला 'उंदरांची डॉक्टर' म्हणतात. तिच्या प्रयोगशाळेत उंदीर आहेत हे खरं, पण ते बाबांपेक्षा वेळेवर औषध घेतात.

बुवांच्या सांगण्यावरून बाबांनी लघवीची गोळी बंद केली होती. तेव्हापासून त्यांना आडवं झालं की गुदमरायचं, म्हणून ते खुर्चीत बसूनच झोपायचे. मला त्यांच्या जिवाची भीती वाटत होती, आणि त्यांचा राग त्याहून जास्त येत होता.

"तू कशाला आलीस?" बाबांनी ताईला विचारलं.

"मलाही मळ काढून घ्यायचाय."

"आलीस एकदाची ताळ्यावर," बाबा धापा टाकत म्हणाले, आणि त्यांनी आपला नंबर कौतुकाने तिला दिला.

हॉलमध्ये खुर्ची, खुर्चीपुढे टब, टबात कोमट पाणी. बुवांनी पाण्यात चिमूटभर 'भारलेलं' मीठ टाकलं आणि दोन लोखंडी पट्ट्या सोडल्या. पट्ट्यांच्या वायरी एका डबीला जोडलेल्या होत्या. मग ताईच्या गुडघ्यांवरून टबापर्यंत भलाथोरला टॉवेल पांघरला. मळाची वाफ बाहेर पडली तर इतरांना बाधते म्हणे.

"पाय सोडा आत. डोळे मिटा," बुवा म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

मग ते गर्दीकडे वळले. "मंडळी, मूत्रपिंड म्हणजे घरातली मोरी. मोरी तुंबली की पाणी कुठे जाणार? हृदयात. डॉक्टर गोळ्या देतात. अहो, तुंबलेल्या मोरीत आणखी खडे टाकून कसं चालेल?"

लोकांनी माना डोलावल्या. बाबांनी जरा जास्तच.

थोड्या वेळाने बुवांनी गर्दीकडेच बघत ऐटीत टॉवेल ओढला. पाणी गडद तपकिरी झालं होतं. वर फेस.

"बघा. हा तपकिरी रंग मूत्रपिंडांचा. हा फेस हृदयाचा. बाईंच्या अंगात लहानपणापासूनचा मळ साचला होता, आज पायांतून..."

गर्दीत सगळ्यात पुढे उभी असलेली एक बाई हसायला लागली. मग तिच्या मागचे. बुवांनी पहिल्यांदाच खाली पाहिलं. ताईचे पाय खुर्चीखाली मागे दुमडलेले होते, बुटांसकट.

"माझे पाय कोरडे आहेत," ताई म्हणाली. "मग हा मळ कुणाचा?"

"तुमची... तुमची छाया पडली पाण्यावर," बुवा म्हणाले.

"छायेला मूत्रपिंडं असतात?"

यावर बुवा घोटभर पाणी प्यायले. टबातलं नव्हे, अर्थातच.

ताईने एक पट्टी बाहेर काढून सगळ्यांना दाखवली. ती गंजून खडबडीत झाली होती. "मिठाच्या पाण्यात लोखंड ठेवून वीज सोडली की ते भराभर गंजतं. हा गंज आहे. पाय घाला नाहीतर घालू नका, रंग हाच येणार."

बाबांचा चेहरा पडला होता, पण ते इतक्यात हार मानणारे नव्हेत. "पण माझी पायांची सूज उतरते, त्याचं काय?"

"टबानंतर तुम्हाला इथे पाय उशांवर ठेवून पडायला लावतात ना, पाठीला तक्क्या देऊन?"

"हो. तासभर."

"त्याने उतरते. पण ते पाणी शरीराबाहेर जात नाही, बाबा. पायांतून निघून छातीकडे जातं. काट्यावर उभे राहा, वजन वाढलेलंच दिसेल. गोळी ते पाणी लघवीतून बाहेर काढत होती."

बाबांनी डोळे बारीक केले. "ठीक. मग तोच प्रश्न तुझ्या गोळीला. ती न घेता काय होतं?"

"तो प्रयोग तुमच्यावर चालूच आहे," ताई बाकावर त्यांच्या शेजारी बसत म्हणाली. "महिना झाला."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझा हात धरून ते उठले. "चला. आधी डॉक्टरांकडे. सांगतो त्यांना, मीच शहाणपणा केला म्हणून."

आता डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आहे. बाबा पलंगावर आडवे होऊन झोपतात आणि चांगले घोरतात.

असा टब तुमच्याकडेही येईल. कदाचित टब नसेल, पट्टा असेल, अंगठी असेल. देणाऱ्याशी भांडू नका. फक्त एवढंच विचारा, की हे न करता काय होतं? आणि त्याच्या शब्दावर चालू गोळी मात्र कधीही बंद करू नका. ती ज्याने लिहून दिली, त्यालाच आधी विचारा.