सिफाची आई

आमच्या चर्चमध्ये नसिमिरेला नसिमिरे म्हणून कोणी ओळखत नव्हतं. ती सिफाची आई. मी पासिफिकची आई. पोर झालं की बाईचं स्वतःचं नाव गळून पडतं, ही आमच्या मायदेशातली, बुकावूकडची रीत कॅनडातल्या हॅमिल्टनच्या बर्फातही टिकून आहे. फरक एवढाच, की माझा पासिफिक माझ्या डोळ्यांसमोर सोफ्यावर लोळत असतो आणि तिची सिफा कंपालात होती, एका शिवणकाम करणाऱ्या म्हाताऱ्या बाईकडे. लढाईतून पळताना मायलेकी तिथवर एकत्र पोचल्या होत्या. पुढे यायची सोय एकीचीच झाली.

फोनमधले सिफाचे फोटो नसिमिरे ज्याला त्याला दाखवायची. सोळा वर्षांची, लांब मानेची, एक भुवई वर करून बघणारी पोर. "बघ कशी हट्टी दिसते," नसिमिरे म्हणायची, "माझ्यावर गेलीय." आणि खरंच गेली होती. तीच मान, तीच भुवई.

कॅनडाने तिला निर्वासित म्हणून मान्यता दिली त्या रविवारी तिने अख्ख्या चर्चला सोंबेची पालेभाजी आणि तळलेली मासळी खाऊ घातली. मग लगेच इथे कायमचं राहण्यासाठी अर्ज केला आणि त्यात सिफाचं नाव घातलं, कारण मान्यता मिळालेल्याची पोरं त्याच्याच अर्जावर येऊ शकतात. पोरीसाठी जुन्या सामानाच्या दुकानातून पलंगही आणला. खोली एवढीशी, पलंग मांडल्यावर पाय ठेवायला जागा उरेना. तरी त्यावर धुतलेली चादर घालून ठेवायची आणि स्वतः खाली जमिनीवर झोपायची. मी म्हटलं, "अगं, पोर येईपर्यंत तू झोप की वर." तर म्हणे, "सवय लागली तर उठवणार कोण मला?"

मग सरकारचं पत्र आलं. तिला इंग्रजी धड येत नाही, म्हणून असली पत्रं माझ्याकडे येतात. वाचून दाखवायचे मी पैसे घेत नाही, फक्त टोमणे मारते. पत्रात लिहिलं होतं, की सिफा तुमचीच मुलगी आहे याचा पुरावा पुरेसा नाही, तेव्हा दोघींची डीएनए तपासणी करून घ्या.

"बरंच झालं," मी म्हटलं. "तू इथे थुंकायचं, तिने तिथे थुंकायचं. चुटकीसरशी काम."

ती पातेल्यात मक्याच्या पिठाची बुगाली घोटत होती. तिचा हात थांबला. बुगाली घोटताना हात थांबला की गुठळ्या होतात, हे तिला काय मी सांगायचं? तिने गॅस बंद केला आणि पातेल्याकडे बघतच म्हणाली, "ताई, ती फेझाची आहे."

फेझा तिची थोरली बहीण. सिफा रांगायलाही लागली नव्हती तेव्हा फेझा तापात गेली. पोरीचा बाप त्याआधीच खाणीत कामाला म्हणून गेला होता, तो परतलाच नाही. नसिमिरेने पोर उचलून पाठीला बांधलं, तेव्हा ती स्वतः सिफाच्या आत्ताच्या वयाची होती. माय मरो आणि मावशी उरो म्हणतात, तसं झालं. आमच्याकडे आईची बहीण म्हणजे आईच. लहान आई, मोठी आई, एवढाच काय तो फरक, आणि बहिणीचं पोर ते आपलंच पोर. 'तुझी आई मेली' असं लेकरासमोर कोणी बोललं, तर जुन्या बायका बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवायच्या. म्हणून कोणी बोललं नाही. सिफाला आईच मिळाली होती, तिला सांगायचं तरी काय?

निर्वासित म्हणून मान्यता मिळायच्या आधीच्या सुनावणीत साहेबाने विचारलं होतं, मुलं किती? ती म्हणाली, एक. आपण खोटं बोलतोय असं तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. मला विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं.

तिच्या वकीलबाईंचं, कोवाल्चुकबाईंचं ऑफिस डोंगरावर आहे. म्हणजे हॅमिल्टनवाले ज्याला डोंगर म्हणतात त्यावर. आमच्याकडे असल्याला चढ म्हणतात. आम्ही बसने गेलो, दुभाषी म्हणून मी. बाई तरुण आणि मनाने चांगल्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तपासणी केलीत तर तुम्ही आई म्हणून जुळणार नाही," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही सुनावणीत खोटं बोललात असं धरतील. तुमचा स्वतःचा अर्जही अडचणीत येईल."

"आणि सिफाचं नावच काढून टाकलं तर?" नसिमिरेने विचारलं.

"तुमचं काम होईल. मुलगी तिथेच राहील. नंतर आणणं फार अवघड."

"मग मीच जाते तिच्याकडे."

"जाता येईल. पण निर्णय व्हायच्या आत देश सोडलात, तर परत येता येईलच असं मी सांगू शकत नाही."

नसिमिरे माझ्याकडे वळली आणि आमच्या भाषेत म्हणाली, "ताई, ही बाई मला दारं दाखवतेय की भिंती?" ते मी भाषांतर करून सांगितलं नाही.

इकडे आड, तिकडे विहीर. मधे जेवढी जागा होती तेवढ्यातून वकीलबाईंनी एक वाट काढली. आपणहून खरं सांगून टाकायचं. मी जन्म दिला नाही, पण वाढवलं मीच, तिला माझ्याशिवाय जगात कोणी नाही, तेव्हा माणुसकी म्हणून तिला माझ्याकडे येऊ द्या, अशी विनंती करायची. मात्र सिफाला कंपालात मुलाखतीला बोलावतील. तिथे तिने नसिमिरेला आई म्हटलं, तर दोघींचं बोलणं जुळणार नाही आणि हे सगळंच बनाव वाटेल.

"म्हणजे मुलीला आणायचं, तर ती माझी मुलगी नाही असं म्हणायचं," नसिमिरे म्हणाली.

"तुम्ही म्हणायचं," वकीलबाई म्हणाल्या, "आणि तिनेही."

दुभाष्याने 'ती म्हणते' असं बोलायचं नसतं. 'मी' म्हणूनच बोलावं लागतं. त्यामुळे जबानी लिहून घेताना 'सिफा माझ्या पोटची मुलगी नाही' हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. नसिमिरे ते पुटपुटली आणि मी ते टेबलापलीकडे ऐकू जाईल असं स्वच्छ म्हटलं. मला तिचा राग आला नाही, वकीलबाईंचाही नाही. सरकारचा आला, पण सरकार तिथे कुठे बसलं होतं? घरी येऊन मी पासिफिकला त्याने न मागता जेवायला वाढलं. तो म्हणाला, "काय झालं तुला?"

सिफाला सांगायचं काम राहिलं होतं. पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर नसिमिरे मला घरी घेऊन गेली. मी दारातच म्हटलं, "हे मायलेकींचं बोलणं, मी कशाला?" ती म्हणाली, "माझी वाचा बसली तर तू बोल."

तिची वाचा बसली नाही. पलंगाच्या कडेला, चादर चुरगळणार नाही अशी जेमतेम टेकून तिने व्हिडिओ कॉलवर सिफाला सगळं सांगितलं. पलीकडे शिलाई मशीन चालल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"फेझा?" सिफा म्हणाली. "आपण दर वर्षी जिच्यासाठी मेणबत्ती लावायचो ती? माझी मोठी आई?"

"तीच."

"मी तिच्यासाठी प्रार्थना म्हणायचे आणि तू शेजारी उभी असायचीस."

"हो."

"आणि काहीच बोलली नाहीस."

"काय बोलणार होते? तू माझीच होतीस."

मग सिफाने विचारलं, "तिचा फोटो आहे?" फोटो नव्हता. घर जळलं तेव्हा सगळं गेलं होतं. "बरं," सिफा म्हणाली, आणि ते 'बरं' मला अजिबात आवडलं नाही.

मग आम्ही तिला तयार करायला लागलो. तालमीत साहेब मी. माझा आवाज त्या कामाला शोभतो, असं पासिफिकचं म्हणणं आहे.

"तुझी आई कुठे असते?"

"हॅमिल्टनला."

"चूक. तुझी आई कुठे असते?"

"काकू, ती तुमच्या शेजारी बसलीय. मला दिसतेय."

"मी काकू नाही, साहेब आहे. तुझी आई कुठे असते?"

"मेली," सिफा म्हणाली. नसिमिरे शेजारी बसून मान हलवत होती, छान, छान, अशी. मला तिच्याकडे बघवेना.

पण तालीम संपली की पोर पुन्हा पहिल्यासारखी. आई, इकडे पाऊस आहे. आई, म्हातारी आज खेकसली. तेव्हा नसिमिरेने नियम केला. एरवी बोलतानाही 'मावशी'च म्हणायचं. जिभेवर 'आई' राहिलं, तर नेमकं नको तिथे घसरेल. 'आई' म्हटलंस की मी फोन ठेवणार. आणि ती ठेवायची. पोर काही सांगत असायची, ताप आला, परीक्षा झाली, मधेच सवयीने 'आई' निघून जायचं आणि ही लाल बटण दाबायची. मग फोन मांडीवर घेऊन बसायची. थोड्या वेळाने तो वाजायचा. "मावशी," पलीकडून आवाज यायचा, "मी काय सांगत होते, ताप उतरला."

मी एकदा चिडून म्हटलं, "अगं, पोर आहे ती, पोपट नाही. एखाद वेळी म्हणू दे की."

"एखाद वेळीच जीव जातो, ताई," ती म्हणाली.

अर्जाला दोन ओळखीच्या बायकांचं म्हणणंही जोडायचं होतं, की हिने बहिणीची मुलगी पोटच्यासारखी सांभाळली. एक मी. दुसरी एस्पेरांसची आई, जी देवाच्या कानात सांगितलेलंही चर्चच्या दारात पोचवते. पंधरवड्यात सगळ्यांना कळलं. वाईट कोणीच बोललं नाही, उलट बायका फार गोड वागायला लागल्या. तिला काय म्हणावं हेच त्यांना कळेना. एका रविवारी पाद्रीबाईंनी मागून हाक मारली, "नसिमिरे सिस्टर." ती चालतच राहिली. पाद्रीबाईंनी पुन्हा हाक मारली. शेवटी मी तिच्या दंडाला हात लावला, तेव्हा ती वळली आणि म्हणाली, "मला बोलावताय?"

मुलाखत झाली त्या दिवशी ती कामावर गेलीच नाही. सकाळपासून माझ्याकडे येऊन बसली होती. फोन टेबलावर मधोमध, मीठदाणीला टेकवून ठेवला होता. तो वाजला तेव्हा तिने आधी हात कपड्यांना पुसले, मग उचलला.

"झालं," सिफा म्हणाली. तिने निळा झगा घातला होता, म्हातारीने शिवलेला. मोठी दिसत होती. "छान झालं, मावशी. गोरी बाई होती. तिने विचारलं, तुझी आई कुठे असते. मी म्हटलं, मेली, मी तान्ही असताना. मग तिने विचारलं, कॅनडात आहे ती तुझी कोण. मी म्हटलं, आईची धाकटी बहीण. तिनेच मला वाढवलं. मग तिने विचारलं, तू तिला काय म्हणतेस."

"मग?"

"मावशी, म्हटलं. लगेच म्हटलं."

"रडलीस?"

"काकू म्हणाल्या होत्या ना, रडायचं नाही. नाही रडले."

नसिमिरे हसली. कितीतरी महिन्यांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. फोन तिने तोंडाच्या इतका जवळ नेला, की पलीकडे पोरीला नुसतं नाकच दिसलं असेल. "शाब्बास माझ्या वाघिणी," ती म्हणाली. "संपलं सगळं. आता म्हण."

"काय?"

"आई म्हण. आता कोणी ऐकत नाही."

सिफाने ती एक भुवई वर केली. मागे म्हातारीचं मशीन चालू होतं.

"निकाल लागला का?"

"निकालाला वेळ आहे गं. वकीलबाई म्हणतात, महिने लागतील. वर्षही लागेल."

"मग नको," सिफा म्हणाली. ती रागावलेली नव्हती. शिकवलेला धडा नीट म्हणून दाखवावा तशी बोलत होती. "मधेच परत बोलावलं तर? इतकी सवय केलीय, ती मोडायला नको, मावशी."

हे नसिमिरेचेच शब्द होते. "बरं," ती म्हणाली. "जेवलीस का?" सिफा जेवली होती. मग म्हातारीने हाक मारली, म्हणून फोन बंद झाला. तो आज पहिल्यांदाच तिकडून बंद झाला होता.

मी म्हटलं, "हट्टी आहे पोर."

नसिमिरेने मीठदाणी उचलून जागेवर ठेवली.

"हो," ती म्हणाली. "आईवर गेलीय. फेझा अशीच होती."